वॉरंटीतलं घर

परकारकाकांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते आमच्या हॉलमध्ये गुडघ्यांवर बसून फरशीवर बोटाच्या पेराने टकटक करत होते. रास अल खैमा शहराच्या बाहेर, डोंगराच्या बाजूला नव्याने बांधलेल्या जोडघरांच्या ओळीत त्यांना आणि आम्हाला एकाच आठवड्यात किल्ल्या मिळाल्या होत्या. दोन घरांच्या मधली भिंत एकच. त्यांच्या जुडग्यात आमची एक किल्ली चुकून गेली होती, ती परत करायला ते आले आणि मी बसा म्हणायच्या आत खाली वाकले.

"ही पोकळ आहे, मानसीबाई," ते म्हणाले. "आत्ता काही होणार नाही. पण बिल्डरला कळवून ठेवा. वर्षभर त्यांची जबाबदारी आहे."

मला मानसीबाई म्हणणारे या देशात ते एकटेच. ऑफिसात मी मानसी, शाळेत अन्वीची ममा, सोसायटीत मॅडम. त्यांचं मराठी दापोलीकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेलं होतं आणि गल्फमधल्या इतक्या वर्षांतही त्यांनी ते परीटघडीच्या कपड्यासारखं जपलं होतं. घरी काकींशी कोकणी, आमच्याशी असं पुस्तकी मराठी, वॉचमनशी हिंदी, ऑफिसात इंग्रजी, आणि प्रत्येक भाषेत सारखेच सावकाश.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी इथल्याच एका टाइल्सच्या कारखान्यात काढली होती, तीही तक्रार विभागात. कुणाची फरशी उचलली, कुणाची तडकली, कुणाचा रंग उडाला, की काका जाऊन बघत आणि दोष कुणाचा ते ठरवत. त्यामुळे कुठेही गेले तरी आधी जमीन वाजवायची सवय. मॉलमध्ये, दवाखान्यात, अगदी मशिदीच्या पायरीवरसुद्धा. काकी म्हणायच्या, "ह्यांचा काय मनावर घेऊ नको गो. हे जन्नतमदी गेले तरी आदी तितली फरशी वाजवून बघतील."

झुबेदाकाकी चाकाच्या खुर्चीत असायच्या. त्यांना नसांचा आजार होता. गारव्यात त्या काठी धरून स्वयंपाकघरापर्यंत चालत, माशाला मसाला लावत, माझ्या केसांना नावं ठेवत. पण अंग जरा तापलं की पायांतलं बळ जायचं, डोळ्यांपुढे धूसर व्हायचं. पुन्हा गार झालं की हळूहळू सगळं परत यायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांना औषधाइतकीच थंडाव्याची गरज आहे. हे घर काकांनी घेतलं तेही त्यासाठीच. आयुष्यभर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिलेला माणूस, निवृत्त झाल्यावर जे हाती आलं ते सगळं घालून मोकळा झाला. खाली एक झोपण्याची खोली, मुद्दाम करून घेतलेले रुंद दरवाजे, उंबरा नसलेलं न्हाणीघर, आणि गच्चीवर मोठ्या कंपनीचा सेंट्रल एसी. कॅनडातला मुलगा आसिफ म्हणत होता, इकडे या. काका म्हणाले, तिथे जमीन कोण वाजवू देणार मला?

वॉरंटी या शब्दावर त्यांची श्रद्धा होती. मी हे थट्टेने म्हणत नाही. एकदा त्यांनी मला सांगितलं होतं की कारखान्यात असताना एका मशिदीत वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायच्या जागेत लावलेली फरशी फार निसरडी निघाली. म्हातारे लोक घसरायला लागले. कंपनीचे साहेब म्हणाले, पाणी नीट निचरत नाही, आपला संबंध नाही. काकांनी अहवालात लिहिलं, संबंध आहे. साहेबांनी बोलावून दटावलं. काकांनी अहवाल बदलला नाही. शेवटी कंपनीने सगळी फरशी बदलून दिली. "मानसीबाई, माणूस विकत घेतो तेव्हा वस्तू घेत नाही, शब्द घेतो," ते सांगत होते. "तो पाळणारा कुणीतरी आत बसलेला असतोच. फक्त त्याच्यापर्यंत पोचायला लागतं."

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांचा एसी बिघडला.

आधी वरच्या खोल्या गार होईनात. मग खालची. कंपनीचे लोक आले, गॅस भरून गेले. चार दिवस बरं चाललं, मग जाळीतून पुन्हा कोमट वारा. पुन्हा आले, पुन्हा गॅस. तिसऱ्यांदा आलेल्या माणसाने गच्चीवरून खाली येऊन सांगितलं, कॉम्प्रेसर गेला. काका उलट खूश झाले. कॉम्प्रेसरची वॉरंटी पाच वर्षांची होती. त्यांनी काकींना सांगितलं, "झालं, आता नवीनच बसवतील."

बसवला नाही. एसी कंपनी म्हणाली, आधी बिल्डरकडून कळवा. बिल्डर म्हणाला, आमचं एक वर्ष संपलं, कंपनीशी बोला. कंपनी म्हणाली, आमच्या यंत्राला धक्का पोचलाय तो हवेच्या नळांची जोडणी चुकीची केल्यामुळे, ज्याने जोडणी केली त्याला धरा. ज्याने जोडणी केली तो ठेकेदार धंदा गुंडाळून देश सोडून गेला होता. आणि या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: तुम्ही बाहेरच्या माणसाचा हात लावलात, तर वॉरंटी खलास.

काका रोज फोन करायचे. इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसून, जसे ऑफिसात जात असत तसे. फोनवरच्या मुलींची नावं त्यांना पाठ झाली होती. कुणाला ताप असला तर दुसऱ्या दिवशी विचारत. एकदा माझ्या नवऱ्याने, संदीपने त्यांच्या हातून फोन घेतला आणि चांगलाच आवाज चढवला. काकांनी तो परत घेतला आणि त्या मुलीची माफी मागितली. नंतर संदीपला म्हणाले, "तिचा काय दोष? तिला जेवढं सांगितलंय तेवढंच ती बोलणार."

दरम्यान घरात राहणं कठीण होत चाललं होतं. खिडकीत एसी बसवायला सोसायटीची मनाई. चाकांवर फिरवायचं एक लहान यंत्र त्यांनी आणलं. त्याच्यासमोर हातभर जागा गार व्हायची, तिथे काकींची खाट. उरलेल्या खोलीत भिंतींनाही हात लावता येत नव्हता. मी म्हणत होते, आमच्याकडे या. दुपारी त्या येतही. पण आमच्या खालच्या न्हाणीघराच्या दारातून खुर्ची जात नव्हती, आणि दोन माणसांनी उचलून नेणं काकींना मान्य नव्हतं. तेवढ्यासाठी त्या पाणी पिणं सोडत. मग काका त्यांना गाडीत घालून मॉलला नेत, नाहीतर नुसतेच गाडीचा एसी लावून समुद्राच्या रस्त्याने फिरवत. एकदा सिग्नलला माझी गाडी त्यांच्या शेजारी आली. काकी मागच्या सीटवर आडव्या होऊन झोपल्या होत्या. काकांनी मला बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

संदीप सिमेंटच्या कारखान्यात आहे. त्याच्या ओळखीचा एक मल्याळी एसीवाला त्याने एका सकाळी थेट घरीच आणला. बिजू त्याचं नाव. त्याने गच्चीवर जाऊन बघितलं आणि संध्याकाळपर्यंत दुसरा कॉम्प्रेसर बसवून देतो म्हणाला. काकांनी त्याला खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं, गावची चौकशी केली आणि हात जोडून म्हणाले, "भाई, आप हाथ मत लगाइए. वॉरंटी चली जाएगी."

"कसली वॉरंटी, काका?" संदीप भडकला. "ते देणार नाहीत! काकींकडे बघा जरा."

"देतील. वस्तू त्यांची आहे, दोष त्यांचा आहे. मी आज दुसऱ्याकडून करून घेतलं की त्यांचं म्हणणं खरं ठरलं."

आतून काकींचा आवाज आला. जीभ जड झाली होती, तरी धार तीच. "अरे माजी वारंटी कवाच सरली. तिची कोणला पडलीय?"

कुणी हसलं नाही. बिजूला मराठी येत नव्हतं, पण तोही खाली बघत सरबत संपवून उठला. आसिफचा कॅनडातून रोज फोन येत होता. "अब्बा, जस्ट गेट इट डन! मी पैसे पाठवतो." काका म्हणत, पैशाचा प्रश्न नाही बेटा. ते खरं होतं, आणि तेच कुणाला समजावून सांगता येत नव्हतं.

जूनमध्ये त्यांनी कंपनीच्या दुबईपलीकडच्या जबल अलीच्या ऑफिसात जायचं ठरवलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते हायवेवर गाडी चालवत नव्हते, म्हणून मी रजा घेतली. काकींपाशी संदीप थांबला. गोदामांच्या रांगा, कामगारांच्या बसेस, आणि मधेच एक काचेचं ऑफिस. आत इतकं थंड होतं की रिसेप्शनवरच्या मुलीने शाल घेतली होती.

आमची केस जिच्याकडे होती ती निघाली मराठी. सायली. शारजात वाढलेली, तिशीच्या आतली. आडनाव वाचून तिने मान वर केली. "काका, तुम्ही रत्नागिरीचे का? माझी आजी राजापूरची." काका एकदम उजळले. म्हणजे आत बसलेला माणूस सापडला. त्यांनी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, काकींच्या आजारासकट. तिने मधे एकदाही तोडलं नाही. ऐकता ऐकता तिचे डोळे भरले, हे मी पाहिलं.

"काका, आय ॲम सो सॉरी," ती म्हणाली. "पण टेक्निकल टीमचा रिपोर्ट आलाय. माझ्या हातात काहीच नाहीये हो." तिने स्क्रीन स्वतःकडे वळवून इंग्रजीत वाचायला सुरुवात केली, "पाहणीअंती असं आढळून आलं की सदर दोष..."

"...वस्तूच्या निर्मितीतला नसून तिच्या बसवणीतला आहे," काका त्याच इंग्रजीत बोलू लागले, "आणि म्हणून कंपनी खेदपूर्वक कळवते की ही तक्रार वॉरंटीच्या कक्षेत येत नाही."

सायली स्क्रीनकडे आणि त्यांच्याकडे बघत राहिली. "काका, तुम्हाला आधीच मेल आला होता का?"

"नाही बेटा."

वरच्या साहेबांकडे केस पुन्हा पाठवते असा तिने शब्द दिला. काकांनी तिचे आभार मानले. बाहेर येताना दाराजवळ त्यांचा पाय अडखळला. मी कोपराला धरलं. ऊन अंगार ओतत होतं आणि ते माझ्याकडे न बघता उभे होते.

शारजा मागे पडलं. दोन्हीकडे वाळू लागली तेव्हा ते म्हणाले, "मानसीबाई, ते वाक्य मी लिहीत होतो. इतकी वर्षं. शब्द थोडेफार इकडेतिकडे."

मी गाडीचा वेग कमी केला.

"खोटं नव्हतं हां. दर वेळी मी स्वतः वाजवून बघितलं होतं. खाली सिमेंट नीट भरलेलंच नसायचं. गवंड्याची चूक. मी लिहायचो, पुढची फाइल घ्यायचो. त्या माणसाच्या घरात मग काय झालं, हे मी कधी विचारलं नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "खोर फक्कानची एक बाई होती. विधवा. स्वयंपाकघरातली अख्खी जमीन फुगून वर आली होती तिची. रोज फोन करायची. मी तिच्याशी फार छान बोलायचो."

हे शेवटचं वाक्य त्यांनी ज्या आवाजात म्हटलं तो मला अजून ऐकू येतो.

"काका, आता तरी बिजूला बोलावू या," मी म्हटलं.

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. मला वाटलं, होकार देतील. मग म्हणाले, "ती पोरगी वर पाठवते म्हणाली ना. तिचं उत्तर येऊ दे. थोडंच थांबायचंय."

आजही मला वाटतं, त्या क्षणी त्यांचा विश्वास उरलेला नव्हता. पण तो सोडला तर मागच्या सगळ्या वर्षांचं काय करायचं, हे त्यांना समजत नसावं.

त्यानंतरचा आठवडा भयंकर उष्णतेचा होता. समुद्रावरून दमट हवा येत होती. एका दुपारी मी ऑनलाइन मीटिंगमध्ये होते आणि मधल्या भिंतीवर कुणीतरी थडाथडा मारायला लागलं. मी तशीच धावले. दार उघडं होतं. काकी न्हाणीघराच्या दाराशी पडल्या होत्या, एक पाय विचित्र वळलेला. काका त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मधल्या भिंतीला टेकून बसले होते. खाटेवर फोन होता, स्पीकर चालू. त्यातून मंद संगीत येत होतं आणि मधूनमधून एक बाई सांगत होती की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. अँब्युलन्सला फोन करण्यासाठी मीच तो बंद केला.

"तिने हाक मारली होती मला," काका म्हणाले. "मी म्हटलं, थांब, लागतोय."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले. मी भेटायला गेले तेव्हा काकी उशीवर टेकून होत्या, चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तरतरी. नजरही साफ झाली होती. माझ्या केसांकडे बघून नाक मुरडलं त्यांनी. मग पांढऱ्या चादरीवरून हात फिरवत म्हणाल्या, "हय किती गार हाय गो. मना हयच राहू दे." काका कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. ते उठून बाहेर गेले.

पडून राहिल्याने पुढे छातीत कफ झाला, मग न्यूमोनिया. जुलै संपायच्या आत काकी गेल्या. आसिफ पोचला, पण आईशी बोलणं झालं नाही त्याचं. दफन इथेच झालं. संदीप जाऊन आला. घरी येऊन त्याने बूट काढले आणि एवढंच म्हणाला, "काकांनी हाताने माती सारखी केली. तापलेली होती ती. त्यांना कळतही नव्हतं."

तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे लोक जमले होते. घामाने भिजलेले, कागदाने वारा घेत बसलेले. मी आमच्याकडून चहा करून आणत होते. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. त्यांना हल्ली कमी ऐकू यायचं, म्हणून स्पीकर लावायची सवय. सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

"काका, सायली बोलतेय! काम झालं हो तुमचं. स्पेशल केस म्हणून अप्रूव्ह झालं, नवीन कॉम्प्रेसर, सगळं फ्री. आज दुपारीच टीम येतेय. किती भांडले मी माहितीये! काकूंना सांगा हां आत्ताच्या आत्ता!"

आसिफ पुढे झाला, फोन घ्यायला. काकांनी हाताने त्याला थांबवलं.

"सांगतो बेटा," ते म्हणाले. "फार मेहरबानी झाली तुझी. अल्ला तुला खूश ठेवो."

"नक्की सांगा हां काका."

"सांगतो."

दुपारी खरंच दोघंजण आले. लोक बसलेले बघून दारात थबकले. काकांनी त्यांना स्वतः गच्चीवर नेलं. संध्याकाळ व्हायच्या आत जाळ्यांतून गार वारा सुटला. एवढंसंच काम होतं. खोल्या थंड होत गेल्या तसे बसलेले लोक सैलावले, एकाने तर नकळत म्हटलंही, आता बरं वाटतंय. त्यातल्या मोठ्या कामगाराने सहीसाठी फोन पुढे केला आणि शिकवल्याप्रमाणे विचारलं, "कूलिंग ओके, सर?"

"व्हेरी गुड," काका म्हणाले. "थँक यू." आणि बोटाने सही केली.

आसिफने त्यांना कॅनडाला न्यायचं ठरवलं. कागदपत्रं होईपर्यंत ऑगस्ट निम्मा गेला. ज्या दिवशी ते निघाले त्या दिवशी मी दुबईत होते, त्यामुळे निरोप झाला नाही. घर विकलं गेलं. आता तिथे एक इजिप्शियन कुटुंब राहतं, चांगली माणसं आहेत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निघण्याच्या दोन दिवस आधी, भर दुपारी. सामान घेऊन आम्ही परत येत होतो. अन्वीने गाडीतूनच दाखवलं, "ममा, व्हाय इज ही सिटिंग इन द सन?"

काका त्यांच्या दारापुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. डोक्यावर काही नाही. मागे दार सताड उघडं. मी उतरून जवळ गेले तर आतला गारवा माझ्या पायांना लागला. अख्खं घर बर्फासारखं थंड करून ठेवलं होतं आणि हा माणूस बाहेर बसला होता. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायचंही भान नव्हतं.

"काका, आत चला ना," मी म्हटलं. "आता तर चालू आहे सगळं."

"हो. उत्तम चालतोय."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या सावकाश, नीटनेटक्या मराठीत म्हणाले, "आत बसलो की मला बरं वाटतं, मानसीबाई. तेच नको वाटतं."

मी दार लोटायला हात पुढे केला. त्यांनी मान हलवली. मग मी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, त्यांच्या खुर्चीपाशी सावलीचा एक लहानसा तुकडा होता त्यात ठेवला, आणि अन्वीला घेऊन घरी आले.